औंदा माह्यावर!

माझी एक झडती अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिली. ज्यांना बैलाचं तोंड कुठं आणि शेपूट कुठं हे सांगावं लागेल, अशांनीही पाहिली आणि वर तिचा अर्थ मलाच समजावून सांगितला. त्याचं मला काही नाही. परक्यानं परक्यासारखं पाहिलं तर त्याच्यावर रागवायचं कशाला? माझा राग एकाच माणसावर आहे. तो त्या दिवशी माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता आणि त्याला सगळं ठाऊक होतं.

आमचं गाव घाटंजी तालुक्यात. पोळ्याला दुपार कलली की गावातल्या सगळ्या बैलजोड्या आखरावर येतात. आखर म्हणजे एरवी सकाळी गावची ढोरं जमतात ती मोकळी जागा. तिथं आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या समोरासमोर ओळीनं उभ्या राहतात आणि तोरण तुटेपर्यंत झडत्या होतात. झडती म्हणजे यमक जुळवून मारलेला लांबलचक टोमणा. एकानं पुढं होऊन म्हणायची, शेवटी सगळ्यांनी 'हर हर महादेव' करायचं. झडतीत सरपंच येतो, मंत्री येतो, कापसाचा भाव येतो, शेजाऱ्याची सासू येते. ज्याच्यावर म्हटली त्यानं रागवायचं नाही, हा नियम सगळ्या वऱ्हाडाला माहीत आहे. आमच्या गावाचा त्याच्यावरचा एक नियम आहे. झडती आपल्या माणसावरच म्हणायची. वैऱ्यावर कोणी झडती खर्च करत नाही. उलट जो झडतीतून सुटतो तो तोंड पाडून घरी जातो आणि पुरणपोळीत मीठ शोधतो. माझ्या लहानपणी एक म्हातारा लागोपाठ दोन पोळे सुटला म्हणून पुढच्या वर्षी बैल घेऊन आखरावर आलाच नाही. शेवटी माणसं जाऊन त्याला घेऊन आली, त्याच्या पागोट्यावर झडती झाली, तेव्हा कुठं त्याचा रुसवा गेला.

गावात झडती म्हणणारा मी. माझी जीभ तिखट आहे हे मी नाकारत नाही. बायको म्हणते, "तुमच्या जिभेले वेसण घालाले पायजे होती, बैलाले नाही." पण पोळ्याच्या दिवशी तीच जीभ गावाला हवी असते.

आता त्या माणसाबद्दल. तो माझा दोस्त, आणि नुसता दोस्त नाही, बैलातला भागीदार. हल्ली नांगरट ट्रॅक्टरनं होते, पण कपाशीच्या तासांत तण काढणारा डवरा चालवायला बैलच लागतात. एका माणसाला पूर्ण जोडी पोसणं जड जातं, म्हणून त्याचा एक बैल आणि माझा एक. त्याचा पांढरा, माझा तांबडा. डवरणीला दोघांची मिळून जोडी, आज त्याच्या वावरात, उद्या माझ्या. आमची लग्नं व्हायच्या आधीपासून हे असंच चाललेलं. बैल म्हातारे झाले, नवे आले, पण रंग आम्ही बदलले नाहीत. पोळ्यालाही एकच जोडी म्हणून तोरणाखाली उभे राहायचो, एका कासऱ्याला तो आणि एकाला मी.

त्याचे वरचे समोरचे दात नाहीत. जुन्या पांढऱ्यानं जू ठेवताना मान झटकली, ती थेट याच्या तोंडावर. कवळी बसव म्हटलं तर म्हणायचा, "बैलाचे होते, बैलानं नेले." पण मनातून लाजायचा. तेव्हापासून हसायला आलं की खांद्यावरचा दुपट्टा ओढून तोंडाला लावायचा. जितकं हसू जास्त, तितका दुपट्टा वर. कधीकधी नुसते डोळे दिसायचे आणि पोट हलताना दिसायचं. ही त्याची सवय गावातलं शेंबडं पोरही ओळखतं.

त्या वर्षी तो गावच्या पाणी समितीचा अध्यक्ष झाला होता. घरोघर नळ आले, पण ठेकेदार टाकीचं काम अर्धवट टाकून निघून गेला आणि नळाला थेंब नाही. यानं तालुक्याला चकरा मारून चपला झिजवल्या. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल गावात कोणाच्याच मनात शंका नव्हती, माझ्या तर स्वप्नातही नव्हती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांद शेकतात. दिवसभर जू ओढणाऱ्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून पळसाच्या पानानं शेकायचं. आम्ही त्याच्या गोठ्यात दोन्ही बैलांना तूप चोळत होतो. तो म्हणाला, "औंदा माह्यावर म्हण लेका. दोन वर्सं झाले, मले कोरडाच ठेवला तू."

औंदा म्हणजे यंदा. मी म्हटलं, "तुह्यावर काय म्हणू? तुह्यात हाय काय म्हणासारखं?"

"नळावर म्हण ना. अन् पितळी तोटी टाकजो त्याच्यात. म्या सोताच्या हातानं बसवली, पाणी नाही तं तोटी तं पाह्यतीन लोकं."

पितळी तोटी ही त्याची ओळ. हे मी पुन्हा सांगेन, कारण पुढं याचीच गरज पडली.

दुसऱ्या दिवशी आखरावर माझी पाळी आली तशी मी पुढं झालो. मी तोंड उघडायच्या आत हा जोरात ओरडला, "औंदा माह्यावर!" लोक हसले. त्याची मुलगी पुण्याहून पोळ्याला आली होती, तिला बापानंच आपला फोन देऊन शूटिंग करायला लावलं होतं. मी म्हटलं,

नळ आला दारी, नळाले पितळी तोटी,
अध्यक्ष रोज सकाळी पूजा करते मोठी.
फुलं वाह्यले, ऊद जाळला, नळ काही बोलेना,
होळीपासून पोळ्यावरी अध्यक्ष आंग धुयेना.
वास गेला घाटंजीले, म्हैस गेली पळून,
बायको म्हणे, ओसरीत झोपा, पाणी आलं की या आंघोळून!

'हर हर महादेव' असं झालं की बैल बिचकले. माझा दोस्त दुपट्टा नाकापर्यंत ओढून, मान खाली घालून, गदगदा हलत होता. बायकांमध्ये उभी असलेली त्याची बायको, माझी वहिनी, डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी, खरंच झोपवते आता याइले ओसरीत." संध्याकाळी त्यांच्याकडंच जेवलो.

जेवण झाल्यावर त्यानं तो व्हिडिओ स्वतःच्या स्टेटसला लावला. सगळा मावत नव्हता, म्हणून सुरुवातीचा स्वतःचाच ओरडा त्यानं कापला आणि फक्त झडती ठेवली. खाली हसणारे चेहरे आणि 'आपला भाऊ'. माझ्यासमोर लावला. मीच म्हटलं होतं, तो ओरडा राहू दे. तर म्हणाला, "राहू दे बे, त्याच्यात माहं बोळकं दिसून राह्यलं."

स्टेटस दुसऱ्या दिवशी आपोआप पुसलं गेलं. पण तेवढ्यात कोणीतरी ते उचललं आणि मोबाईलवर बातम्या दाखवणाऱ्या कुठल्याशा चॅनेलवर ते आलं. वर लाल अक्षरांत, 'भर पोळ्यात शेतकऱ्याने फाडला अध्यक्षाचा बुरखा'. खाली ढोलाचं भयंकर संगीत. आणि माझ्या दोस्ताच्या तोंडाभोवती एक गोल, त्याला बाण, 'पाहा तोंड लपवताना'.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही दोघंही हसलो, खोटं कशाला सांगू. खालची मतं वाचायला तर मजाच येत होती. एकानं मला वाघ म्हटलं. एकीनं लिहिलं, बायकोच्या नावानं विनोद करणारे हे पुरुष कधी सुधारणार. कोणाला बैल उन्हात उभे केलेले दिसले, कोणाला आमची बोली गोड लागली, कोणी म्हणाला यामागं अमुक पक्ष आहे. ज्यानं त्यानं पाणी आपल्या वावराकडं वळवून घेतलं. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. दुपट्टा तोंडाला लावलेला माणूस चोर आहे. चोर नसता तर तोंड का लपवलं असतं? त्यांचंही बरोबर. त्यांना दात माहीत नव्हते.

मग तो अर्थ गावात परत आला. हे मला अजून समजत नाही. आखरावर उभं राहून, पोट धरून हसलेली माणसं तोच प्रसंग फोनमध्ये बघायची आणि त्यांना दुसरंच दिसायचं. चहाच्या टपरीवर एक जण मला म्हणाला, "काही असल्याबिगर तू बोलला नसशीन भाऊ." मी म्हटलं, "तू माह्या बाजूले उभा होता ना? बोंबलला ना महादेव?" तर म्हणतो, "हो, पण तवा इतकं ध्यानात नाही आलं." म्हणजे डोळ्यांनी पाहिलं ते ध्यानात आलं नाही, आणि लाल गोल काढून दाखवलं ते आलं. मी चहा तसाच ठेवून उठलो.

एक दिवस दोस्त माझ्या गोठ्यात आला. हातात फोन. बसला नाही.

"हे पाय," तो म्हणाला. "हे मी हासून राह्यलो काय?"

"हासून राह्यला. मंग काय करून राह्यला?"

"नीट पाय. माहे डोळे पाय."

त्यानं बोटांनी चित्र मोठं केलं. इतकं मोठं की डोळे उरलेच नाहीत, नुसते ठिपके. "हे हासणाऱ्याचे डोळे नाहीत," तो म्हणाला.

"लेका, डोळे तुहे हायेत. तू हासला का नाही हे तुले माहीत नाही? फोनले इचारतं?"

तो म्हणाला, "मले वाटलं होतं हासलो. आता वाटते, मले तवाच खुपलं होतं."

किती वेळा पाहिला असेल त्यानं तो व्हिडिओ, एकटा बसून, ढोलासकट! एवढ्या वेळा पाहिला की तोही त्या लाल गोलाच्या बाहेर उभा राहून स्वतःकडं बघू लागला. मी म्हटलं, मी दुसरा व्हिडिओ करतो आणि सगळं सांगतो. त्यालाही ते पटलं.

माझ्या अंगणात बायकोनं फोन धरला. मी सांगितलं की हा माणूस सोन्यासारखा आहे, झडती ही गंमत असते, ती त्यानंच म्हणायला लावली होती. जमेल तिथं जमेल तसं ते पाठवलं. त्याचाही लोकांनी अर्थ लावला. मी डोळे बारीक केले होते, कारण ऊन तोंडावर होतं. लोक म्हणाले, घाबरला आहे. चित्राच्या कडेला एक सावली होती, ती माझ्या बायकोची. लोक म्हणाले, गुंड उभा करून बोलायला लावलं. बायकोला मी बरेच दिवस गुंड म्हणत होतो, तेवढीच करमणूक. पण दोस्त दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "माहं नाव घेतलं तवा तू खाली काहून पाह्यलं?" माझ्या पायावर मुंगळा चढला होता.

व्हिडिओ वरपर्यंत पोहोचला होता. तालुक्याहून एक साहेब चौकशीला आले आणि ग्रामपंचायतीच्या पुढं मांडव घालून सभा झाली. त्यांनी कागद तपासले, अर्धी टाकी पाहिली, वाकून नळ पाहिले. अध्यक्षानं काही वावगं केलेलं नाही, हे त्यांनी सभेतच सांगितलं. मला इतकं हायसं वाटलं की मीच पहिली टाळी वाजवली. मग साहेबांनी मला उभं केलं आणि विचारलं, पुरावा नसताना असं का बोललात?

मी म्हटलं, "साहेब, मी काही आरोप केलाच नाही. आंघोळ केली नाही म्हटलं. अन् हे त्यानंच म्हणाले लावलं. त्याच्या फोनात पूर्ण व्हिडिओ हाय, सुरुवातीले तोच ओरडून राह्यला, 'औंदा माह्यावर!' पाहा पायजे तं."

साहेब त्याच्याकडं वळले. "खरं आहे का हो? तुम्हाला आधी माहीत होतं?"

तो खुर्चीत बसला होता, अध्यक्ष म्हणून. दुपट्टा खांद्यावर घडी करून ठेवलेला. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "नाही साहेब. मले काय मालूम हा काय बोलते ते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"फोनमध्ये आहे का तसं काही?"

"नाही जी. माह्या फोनात असं काही नाही." आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, तो म्हणाला, "नळ पैला माह्या दारी आला. माह्या नळाले पितळी तोटी, याच्या नळाले पलास्टिकची. तेच याच्या मनात किती दिवसाचं होतं. पोळ्याच्या नावानं निंगालं."

पितळी तोटी! त्याच्याच गोठ्यात, त्याच्याच तोंडून निघालेली, आमच्या दोघांच्या हाताला एकाच वाटीतलं तूप लागलेलं असताना.

मी मांडवात बसलेल्या लोकांकडं पाहिलं. 'औंदा माह्यावर' सगळ्यांनी ऐकलं होतं, एवढ्या मोठ्यानं तो ओरडला होता. एकानंही मान वर केली नाही. जो टपरीवर मला शहाणपण शिकवत होता, तो चटईची काडी मोडत होता. ज्या जिभेला बायको वेसण घाला म्हणते, ती ऐनवेळी टाळूला चिकटली. मी खाली बसलो आणि सभा संपली.

व्हिडिओ फोनात होता. त्यानं तो स्वतःच पुसला होता. हे हापशीवर पाणी भरताना वहिनीनं माझ्या बायकोला सांगितलं आणि सांगताना रडली. "पुण्यावरून पोरगी म्हणे, बाबा, तो काढू नोका, त्याच्यात तुम्ही किती हासून राह्यले. तं म्हणे, त्याच्याच साठी काढतो."

मी याच्यावर फार विचार केला आहे. वावरात दुसरं काम काय असतं? लाल गोल काढणाऱ्यानं माझ्या दोस्ताचं तोंड चोराचं केलं, कारण त्याला ते तोंड माहीत नव्हतं. माझ्या दोस्तानं माझं मन चोराचं केलं, आणि त्याला ते लहानपणापासून माहीत होतं. बरं, साहेबांनी त्याला आधीच मोकळं केलं होतं. त्याचं नाव धुतलेलं होतं. तरी त्याला मी काळा हवा होता, म्हणजे तो आणखी पांढरा दिसेल. बायको म्हणते, तो भेदरला होता, सोडून द्या. भेदरलेला माणूस पळतो, बाजूच्याला खड्ड्यात ढकलत नाही. मी सोडून दिलेलं नाही आणि देणारही नाही.

त्या वर्षीच्या उरलेल्या डवरणीला तो आला नाही. मी निरोप पाठवला, उत्तर नाही. मग एक दिवस आर्णीच्या बाजारातून त्यानं पांढऱ्याला जोड आणली, तीही पांढरीच. माझा तांबडा पहिले काही दिवस सकाळी बाहेर काढला की आपोआप त्याच्या घराकडं वळायचा. त्याला ओढून आणताना मला बैलाचाही राग यायचा. वावरातलं काम मी तांबड्याला भाड्याचा बैल जोडून निभावलं.

पुढचा पोळा आला. खांद एकट्यानंच शेकली. बायको म्हणाली, "जाऊ नोका आखरावर." पण तांबड्यानं वर्षभर काम केलं होतं, त्याचा सण मी का बुडवू? मी त्याला सजवून नेलं आणि ओळीच्या टोकाला एकटा उभा केला. समोरच्या बाजूला दोन पांढरे बैल, नव्या झुली, मधे तो. दुपट्टा खांद्यावर.

झडत्या सुरू झाल्या, पण रंग भरेना. लोक माझ्याकडं बघायचे आणि नजर फिरवायचे. शेवटी मागून कोणीतरी म्हणालं, "होऊ द्या ना भाऊ." तसे फोन वर झाले. जिकडं बघावं तिकडं फोन. गेल्या वर्षी एक होता.

मी पुढं झालो आणि ओळीच्या पहिल्या जोडीपासून सुरुवात केली. असं याआधी कोणी केलं नव्हतं. जोडीगणिक एक झडती. सरपंचाच्या नव्या गाडीवर म्हटली, टपरीवाल्याच्या पातळ चहावर म्हटली, चटईची काडी मोडणाऱ्यावर म्हटली, तो खुश झाला. नळावरही म्हटली, तो अजून कोरडाच होता. गावाला हळूहळू जुना आवाज फुटला. 'हर हर महादेव' मोठं होत गेलं. एकेक जोडी मागं टाकत मी समोरच्या बाजूला आलो.

दोन पांढऱ्या बैलांसमोर मी थांबलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं. सभेनंतर पहिल्यांदा. त्याचे ओठ जरासे हलले, काय म्हणाला ते कळलं नाही. मी त्याच्या बैलांच्या कपाळाला हात लावला, पुढं गेलो आणि त्याच्या पलीकडच्या जोडीवर झडती म्हटली.

कोणी ओरडलं नाही. आमच्या गावात हे सगळ्यांना वाचता येतं, लहान पोरालाही, आणि कोणी लाल गोल काढून दाखवावा लागत नाही. फोन सगळे चालू होते, पण मी जे म्हटलं नाही ते त्यांच्यात कुठून येणार.

मी वळून पाहिलं. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा ओढून तोंडाला लावला होता, पार डोळ्यांपर्यंत, आणि मान खाली घालून तो हलत होता. हसण्यासारखं मी काहीच म्हटलं नव्हतं.